औषधाची चिठ्ठी कुणाची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दुकानातून औषध नेलेली बरीच मंडळी आज समोर दिसताहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा 'वैद्यकशास्त्राची झेप' वगैरे ऐसपैस काही घेण्याऐवजी मी मुठीत मावेल एवढा विषय घेतला: औषधाची चिठ्ठी. कागदाच्या चिठ्ठीच्या जागी संगणकातून, मोबाइलमधून निघणारी चिठ्ठी, म्हणजे ई-प्रिस्क्रिप्शन, आता येऊ लागली आहे. काही देशांत कागद जवळजवळ गेलाच. आपल्याकडे तो जाईल का, गेला तर काय मिळेल, आणि तो जात असताना आपण कोणत्या गोष्टीसाठी हटून बसलं पाहिजे, एवढंच आज बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची पंचाईत नको. ई-प्रिस्क्रिप्शनचं कौतुक बहुतेक वेळा अक्षर सुवाच्य होतं म्हणून केलं जातं. ते तिचं सगळ्यांत किरकोळ काम आहे. चिठ्ठी एकदाच वटली पाहिजे आणि ती कोणत्या दुकानात वटवायची हे रोग्याने ठरवलं पाहिजे. ही दोन कामं ज्या व्यवस्थेत होतात तिलाच मी ई-प्रिस्क्रिप्शन म्हणेन. बाकी सगळे कागदाचे फोटो.

कागदाला नावं ठेवायची आता रीतच पडली आहे. त्याची बाजू आधी ऐकू या. आपल्याकडचा औषधांचा कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्यातला पासष्टावा नियम फार्मसीच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची नेहमीची सही आणि तारीख हवी, रोग्याचं नाव आणि पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचं आणि एका वेळी किती घ्यायचं हे लिहिलेलं हवं. पुढे एक फार शहाणं कलम आहे. डॉक्टरांनी स्वतः 'पुन्हा द्या' असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. म्हणजे बँकेत चेक वटवावा तशी ही चिठ्ठी वटवायची. शिक्का पडला की तिचा जीव संपला.

आता हा नियम किती पाळला जातो ते तुम्हीच सांगा. घडीवर फाटू नये म्हणून लॅमिनेट करून आणलेल्या बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या मी गल्ल्यावर पाहिल्या आहेत. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उठत नाही, हे वेगळं सांगायला नको. बीपीच्या गोळ्यांचं एक वेळ चालेल. तो माणूस निदान औषध सोडत तरी नाही. पण तीच चिठ्ठी झोपेच्या गोळीची असेल, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाची असेल, तर ती पाच दुकानांत पाच वेळा चालते आणि एका दुकानाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. १ मार्च २०१४ पासून अशा काही औषधांसाठी 'शेड्यूल एच-वन' लागू झालं. त्यातल्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची: डॉक्टर कोण, रोगी कोण, औषध किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, क्षयरोगाची काही औषधं, बरीच वरच्या फळीतली अँटिबायोटिक्स त्यात आहेत. रजिस्टर दुकानात राहतं आणि चिठ्ठी रोग्याबरोबर पुढच्या दुकानात जाते. नियम चांगला आहे, पण तो प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबतो.

अक्षराचं काय, असं तुम्ही म्हणाल. अक्षराचं दुखणं खरंच आहे, आणि जीवघेणं आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ओडेसा गावी १९९५ मध्ये एका बेचाळीस वर्षांच्या माणसाला हृदयविकारासाठी 'आयसॉर्डिल' लिहून दिलं होतं, वीस मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. फार्मासिस्टने ते 'प्लेंडिल' वाचलं. ते रक्तदाबाचं औषध, त्याची दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. रोग्याच्या पोटात ऐंशी जायला लागलं. एका दिवसात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि काही दिवसांत तो गेला. १९९९ मध्ये ज्युरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि दोष डॉक्टर व फार्मासिस्ट यांच्यात निम्मा-निम्मा वाटला. मला या निकालात ती वाटणी महत्त्वाची वाटते. वाईट लिहिणाऱ्याइतकाच, न विचारता वाचणाराही जबाबदार.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापुढे २००१ मध्ये 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद गेला होता. भांडण दोन कंपन्यांचं, ट्रेडमार्कचं. पण न्यायालयाने सांगितलं की, औषधांच्या नावांत साम्य आहे का हे तपासताना इतर मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, कारण इथे गल्लत झाली तर माणूस दगावू शकतो. पुढे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियमात दुरुस्ती करून औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा असं डॉक्टरांना सांगितलं. २०२५ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. न्यायालयासमोर खटला जामिनाचा होता. न्यायमूर्तींना वैद्यकीय अहवालातलं एक अक्षर लागेना, त्यातून ही गोष्ट निघाली. आम्ही फार्मासिस्ट जे रोज भोगतो ते न्यायमूर्तींना एकदा भोगावं लागलं आणि लगेच मूलभूत हक्क मिळाला. असो.

पण अक्षराची एक बाजू न्यायालयात येत नाही, ती गल्ल्यावर उभं राहिलं की दिसते. डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्याला बरोबर लागतं. त्याला सवय असते. डॉक्टर कोणत्या कंपनीचं काय लिहितात हे त्याला पाठ असतं आणि तोच माल त्याच्या फळीवर असतो. चार किलोमीटरवरच्या दुकानदाराला मात्र त्या रेघोट्या लागत नाहीत, आणि लागल्या तरी ती कंपनी त्याच्याकडे नसते. त्यामुळे रोगी परत दवाखान्याखालीच येतो. दुर्बोध अक्षर हे असं एक कुलूप असतं. किल्ली एकाच दुकानात. सगळे डॉक्टर हे मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. साठ रोगी बसलेले असताना अक्षर कुणाचं सुंदर येईल? पण परिणाम तोच होतो, आणि ई-प्रिस्क्रिप्शनकडे बघताना हे कुलूप मी डोळ्यांसमोर ठेवतो. कारण कुलूप इलेक्ट्रॉनिकही असू शकतं.

आता जरा बाहेर बघू. चिठ्ठी तारेवरून पाठवायचा प्रयोग स्वीडनमधल्या यन्शपिंग शहरात १९८३ सालीच झाला होता. आपल्याकडे त्या वर्षी घरी फोन असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. एस्टोनिया या चिमुकल्या देशाने २०१० च्या जानेवारीत देशभर डिजिटल चिठ्ठी सुरू केली. डॉक्टर औषध लिहितात ते राष्ट्रीय नोंदीत जाऊन बसतं. रोगी देशातल्या कोणत्याही दुकानात जातो, आपलं ओळखपत्र देतो, फार्मासिस्टला त्याच्या नावावरची औषधं दिसतात. नेहमीच्या औषधासाठी दवाखान्यात खेप नको, डॉक्टरांना फोन केला की नवी चिठ्ठी नोंदीत येते. आणि आपली माहिती कुणी, कधी उघडून बघितली हे रोग्याला स्वतःला पाहता येतं. या शेवटच्या सोयीसाठी मी एस्टोनियाला पैकीच्या पैकी गुण देईन. २०१९ च्या जानेवारीपासून फिनलंडच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी एस्टोनियाच्या दुकानातही चालू लागली. दोन देश, दोन भाषा, एक चिठ्ठी.

इंग्लंडची व्यवस्था मला आपल्याला जास्त शिकवणारी वाटते, कारण ती हळूहळू, अडखळत उभी राहिली. २००५ च्या सुमारास सुरुवात झाली तेव्हा संगणकावर संदेश जायचा, पण कायद्याने खरी चिठ्ठी कागदाचीच असायची. म्हणजे काम दुप्पट. पुढच्या टप्प्यात डॉक्टरांची इलेक्ट्रॉनिक सही हीच सही मानली गेली. रोगी आपलं एक दुकान नेमून ठेवू शकतो, मग चिठ्ठी तिथे जाते. नेमलं नसेल तर त्याला बारकोड छापलेला कागद मिळतो आणि तो घेऊन तो कुठेही जातो. एका दुकानाने ती चिठ्ठी मध्यवर्ती यंत्रणेतून उतरवून घेतली की ती दुसऱ्याला मिळत नाही. औषध दिलं की तशी नोंद होते. औषध देण्याआधी डॉक्टरांना आपली चूक कळली तर ते ती रद्द करू शकतात. आज तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या बहुसंख्य चिठ्ठ्या अशा जातात. पासष्टाव्या नियमातला शिक्का तिथे खऱ्या अर्थाने उठतो, आणि देशातल्या सगळ्या दुकानांना एकाच वेळी दिसतो.

जर्मनीत सरकारी विम्यावर मिळणाऱ्या औषधांची चिठ्ठी गुलाबी कागदावर असायची. १ जानेवारी २०२४ पासून ती इलेक्ट्रॉनिक करणं डॉक्टरांना बंधनकारक झालं. रोगी विम्याचं कार्ड दुकानातल्या यंत्रात घालतो. न्यूयॉर्क राज्याने २०१६ च्या मार्चमध्ये सक्ती केली, तिचं मूळ कारण अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या बनावट आणि चोरलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीचं कोरं पॅड चोरीला जाणं हा तिथे धंदा झाला होता. या सगळ्यांनी खर्च केला तो अक्षरासाठी केलेला नाही. चिठ्ठी खोटी नाही ना, आधीच वटलेली नाही ना, आणि ती कुठेही नेता येते ना, यासाठी केला.

हे ऐकून तुम्हांला वाटेल की यंत्र आलं म्हणजे चूक गेली. इथे मला थोडा वेळ थांबायचं आहे, कारण माझ्या विद्यार्थ्यांनाही नेमकं हेच वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेली एक गोष्ट तिथलेच एक डॉक्टर रॉबर्ट वॉख्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात सविस्तर लिहिली आहे. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. नेहमीची एक साधी अँटिबायोटिक गोळी, सकाळी एक, रात्री एक. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबाने मात्रा लिहिली. ती आली १९३ मिलिग्रॅम. गोळी मिळते १६० ची. फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता म्हणून फार्मासिस्टने नियमाप्रमाणे निरोप पाठवला: १६० करा. डॉक्टरांनी १६० टाइप केलं. पण पडद्यावरच्या त्या चौकटीत एकक 'किलोमागे मिलिग्रॅम' असंच राहिलं होतं. संगणकाने गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्या मागवल्या. धोक्याची सूचना आली, डॉक्टरांनी ती बाजूला सारली. फार्मासिस्टकडेही आली, त्यांनीही सारली, कारण दिवसभर अशा सूचनांचा पाऊसच पडत असतो आणि त्यातल्या बहुतेक निरर्थक असतात. यंत्रमानवाने गोळ्या मोजून पाकिटात भरल्या. नर्सला चमत्कारिक वाटलं, पण तिने बारकोड तपासला तर यंत्र म्हणालं, बरोबर आहे. मुलाने साडेअडतीस गोळ्या गिळल्या. त्याला फिट आली. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत एकही अक्षर वाचायला अवघड नव्हतं. सगळं छापल्यासारखं स्वच्छ होतं. आणि माझ्या मते घात त्या स्वच्छपणानेच केला. वाईट अक्षराने आम्हां फार्मासिस्टांना एक चांगली सवय लावली होती: शंका घ्यायची. अक्षर लागलं नाही की हात आपोआप फोनकडे जायचा, "साहेब, हे नेमकं काय लिहिलंय?" त्या फोनमध्ये अक्षराबरोबर मात्राही तपासली जायची, रोग्याचं वयही निघायचं. छापील अक्षर शंकेला जागाच ठेवत नाही. गोळीबंद आवाजात कुणी सांगावं तसं ते वाटतं. त्यामुळे ई-प्रिस्क्रिप्शन येईल तेव्हा फार्मासिस्टला जास्त शिकलेलं आणि जास्त संशयी असावं लागेल.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संगणकीय लेखनाचा अभ्यास करून २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना त्या यंत्रणेने सोप्या केलेल्या चुकांचे बावीस प्रकार सापडले: यादीत शेजारच्या रोग्यावर बोट पडणं, एका रोग्याची औषधं अनेक पडद्यांवर विखुरलेली असणं, बंद करायचं औषध बंदच न होणं. कागदावर लिहिताना 'रमेश'च्या जागी 'रमेशचंद्र'ला कुणी औषध लिहीत नाही, कारण रमेश समोर बसलेला असतो. यादीतून निवडताना डोळा यादीवर असतो. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच द्यायचं औषध. 'रोज' हा शब्द आधीच भरून ठेवलेला संगणक ते रोजचं करून टाकतो, आणि ते रोज घेतलं तर माणूस मरू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' या संस्थेने या एका औषधासाठी यंत्रणेत 'आठवड्यातून एकदा' हेच आधी भरलेलं असावं असा आग्रह धरला. इतक्या बारीक गोष्टीत यंत्राचा शहाणपणा असतो, आणि तो आयता मिळत नाही; माणसाने आधी विचार करून तिथे ठेवावा लागतो.

यंत्र बंद पडण्याचीही गोष्ट आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय बरेच दिवस हाताने केसपेपर लिहीत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत 'चेंज हेल्थकेअर' या कंपनीवर हल्ला झाला. औषधांच्या विम्याचे हिशेब तिच्याकडून जात होते, त्यामुळे देशभरातल्या मेडिकलवाल्यांपुढे रोगी उभा, औषध फळीवर, आणि पैसे कोण देणार ते कळेना. नंदुरबारला किंवा भामरागडला हल्ल्याची गरज नाही, वीज गेली की पुरे. म्हणून इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीबरोबर बारकोडचा एक कागद रोग्याच्या हातात असलाच पाहिजे, त्यावर औषधाचं नाव माणसाला वाचता येईल असं छापलेलं. कागद पूर्ण घालवण्याचा हट्ट मला बालिश वाटतो.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू. २५ मार्च २०२०, टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या दिवशी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. डॉक्टरांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रोग्याला ईमेलने वा मेसेजने पाठवावं असं त्यात म्हटलं. संकटात ते बरोबरच होतं, त्याने माणसं वाचली. पण सवय लागली ती फोटोची. आज गल्ल्यावर येणाऱ्या दहा 'डिजिटल' चिठ्ठ्यांमधल्या बहुतेक व्हॉट्सॲपवरचे फोटो किंवा पीडीएफ असतात. हा फोटो कागदापेक्षा वाईट. कागद एका वेळी एका दुकानात असतो. फोटो एका वेळी पन्नास दुकानांत असतो. कागदावर शिक्का मारता येतो. फोटोवर मारायचा कुठे, रोग्याच्या मोबाइलच्या काचेवर?

त्याच तत्त्वांमध्ये एक वाक्य मात्र सोन्यासारखं आहे, ते कुणी वाचत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी थेट एखाद्या दुकानाकडे पाठवायची असेल तर रोग्याची स्पष्ट संमती हवी, आणि आपल्या आवडीच्या कोणत्याही दुकानातून औषध घेण्याचा त्याचा हक्क कायम राहिला पाहिजे. मघाशी मी ज्या कुलपाबद्दल बोललो त्याचं उत्तर हेच. आणि व्यवहारात काय चाललंय? रुग्णालयाचं स्वतःचं ॲप असतं, चिठ्ठी त्यातून रुग्णालयाच्याच दुकानात जाते, रोगी तळमजल्यावर पोहोचेपर्यंत पिशवी भरून तयार असते. घरपोच औषधं देणारी कंपनी डॉक्टरही पुरवते, चिठ्ठीही, औषधही. सोय आहे, नाही कोण म्हणतो? पण लिहिणारा आणि विकणारा एकाच छताखाली आला की दोघांमधली ती जुनी शंका संपते, आणि भाव विचारायची संधीही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघाला. त्यानंतर न्यायालयं, संघटना, बंद, सगळं झालं आणि अंतिम नियम वर्षानुवर्षं रखडले.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेवरून दिलेल्या दूरस्थ सल्ल्यांची संख्या २०२३ च्या सुरुवातीला दहा कोटींवर गेली, आणि तिथे चिठ्ठी संगणकातूनच निघते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं, चौदा आकडी 'आभा' आरोग्य क्रमांक आला. डॉक्टरांची नोंदवही, आरोग्यसंस्थांची नोंदवही, असे खांब उभे आहेत. एक खांब मला दिसत नाही: कोणतीही चिठ्ठी कोणत्याही दुकानाला उघडता येईल आणि औषध दिल्यावर ती सर्वत्र एकदम बंद होईल अशी मध्यवर्ती यंत्रणा, सगळ्या दुकानांसाठी. पैशाच्या बाबतीत हे आपण केलं. यूपीआयमुळे कोणत्या बँकेचा माणूस कोणत्या ॲपने कुणाला पैसे देतो याची भाजीवाल्याला काळजी नसते. चिठ्ठीच्या बाबतीत ते अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

औषधाच्या नावाचा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. आपल्याकडे डॉक्टर ब्रँड लिहितात आणि दुकानदाराला नियमाने तो बदलता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नाव लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. औषधांच्या दर्जाबद्दलची डॉक्टरांची तक्रार अगदीच पोकळ नाही, हे मी औषधनिर्माणशास्त्राचा माणूस म्हणून मान्य करतो. पण चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक झाली आणि तिच्यात फक्त ब्रँडचं नाव राहिलं, तर ती चार किलोमीटरवरच्या दुकानात उघडेल आणि तिथे उपयोगाची ठरणार नाही. निदान ब्रँडशेजारी मूळ नाव आणि मात्रा यंत्राने आपोआप लिहावी. त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. शिवाय 'सकाळी जेवणानंतर एक' हे मराठीत छापून द्यावं. यंत्राला भाषा बदलायला काही पडत नाही, आणि १-०-१ चा अर्थ विचारायला पुन्हा जिना चढणारी आजी वाचेल.

आता एक गोष्ट जरा खासगीत सांगायची. दुपारी गर्दी ओसरली की मेडिकलमध्ये औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, येतात आणि हळूच विचारतात, अमुक डॉक्टर सध्या काय लिहिताहेत? धंद्यात याला 'आरसीपीए' म्हणतात. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठ्यांची झडती. वही उघडून दाखवणारे दुकानदार असतात, हाकलून देणारेही असतात. कागदाच्या जमान्यात ही झडती माणसाच्या पायांच्या वेगाने चालायची. सगळ्या चिठ्ठ्या एका संगणकात गेल्या की ती एका क्षणात होईल, आणि त्यात डॉक्टरांबरोबर रोगीही दिसेल: कुणाला एचआयव्हीची औषधं चालू आहेत, कुणाला मानसिक आजाराची, कोणती मुलगी कोणती गोळी नेते. अमेरिकेत व्हरमाँट राज्याने डॉक्टरांच्या लेखनाची माहिती कंपन्यांना विकण्यावर बंधन घातलं तर २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. तो सगळ्या प्रकारच्या माहितीसाठी आहे. चिठ्ठीसाठी वेगळी, कडक तरतूद हवी. औषध देण्यापलीकडे चिठ्ठीचा वापर करायचा तर रोग्याची वेगळी परवानगी, आणि कुणी उघडली याचा हिशेब त्याच्या मोबाइलवर. एस्टोनियाला जमतं, आपल्याला जमायला हवं.

शेवटचा मुद्दा माझ्या व्यवसायबंधूंना झोंबेल. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महाराष्ट्रात फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा केमिस्ट मंडळींनी बंद पुकारला होता. फार्मसीचा कायदा १९४८ चा आहे. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं हे त्यात स्पष्ट आहे. तरी भिंतीवर प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर पुतण्या हे चित्र गेलेलं नाही. पुतण्या हुशार असतो, त्याला डॉक्टरांचं अक्षर लागतं, त्यावर त्याचं चालून जायचं. अक्षर लावण्याचं काम संपलं की पुतण्याला यंत्र पुरून उरेल. उरेल ते काम साडेअडतीस गोळ्या पाहून हात आखडण्याचं. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो. आपण तो गल्ल्यावर बसवला नाही तर घरपोच कंपन्यांनी आपला धंदा नेला म्हणून रडायचा हक्क आपल्याला नाही.

राज्य सरकारने ई-प्रिस्क्रिप्शनची सुरुवात सरकारी रुग्णालयांच्या केसपेपरपासून करावी. तिथे डॉक्टर सरकारी, औषधं सरकारी, कुणाचा नफा अडकलेला नाही. प्रयोग फसला तर तो दुरुस्त करता येईल. झोपेच्या आणि नशेच्या गोळ्यांची चिठ्ठी सर्वांत आधी अशी करावी, म्हणजे एकदाच वटण्याचा फायदा पहिल्या दिवसापासून दिसेल. आणि फोटोला ई-प्रिस्क्रिप्शन म्हणणं सरकारी परिपत्रकातून तरी थांबवावं.

तुमच्याकडे माझं मागणं लहान आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने मोबाइलवर चिठ्ठी पाठवली तर तिथल्या तिथे विचारा: ही मला दुसऱ्या दुकानात दाखवता येईल ना? उत्तर 'नाही' आलं, तर कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. चिठ्ठी तुमची आहे.